प्रश्नचिन्हांची उतरंड: लिनक्स डेस्कटॉपवर काम करणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
लिनक्सवरची डेस्कटॉप अ‍ॅप्स लिहिणारे, त्यांची पॅकेजं बांधणारे आणि बग-अहवाल चाळणारे सर्व मराठी बंधू-भगिनी,
मुक्काम पुणे, मुंबई, बंगळुरू आणि जिथे कुठे असाल तिथे.

स.न.वि.वि.

मी मिरजेत डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जमलं तर एखादा दिवाळी अंक. दुकानात तीन मशीन आहेत आणि तिन्हींवर डेबियन हा लिनक्सचा प्रकार आहे. लिनक्सवर आलो तेव्हा लायसनचे पैसे वाचवायचे होते, दुसरं काही कारण नव्हतं. त्याला आता आठ वर्षं झाली. मध्यंतरी पैसे आले तरी परत गेलो नाही. प्रोग्रामिंग मला येत नाही. टर्मिनल उघडलं की घाम फुटत नाही, एवढीच माझी प्रगती.

हे पत्र लिहायला कारण झाला एक शब्द: आचाऱ्यांना.

आचारी-वाढप्यांच्या मेळाव्याचं हँडबिल होतं. मजकूर गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. मी तो उचलून पानं लावायच्या अ‍ॅपमध्ये पेस्ट केला. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते थोड्याफार फरकानं कुठल्याही अ‍ॅपबाबत घडलं असतं. ‘सर्व आचाऱ्यांना आग्रहाचे निमंत्रण’ ही ओळ चौकटीत उतरली, मी फॉन्ट बदलायला गेलो आणि खिडकीच गेली. काय चुकलं ते सांगितलं नाही, जाताना सॉरीसुद्धा म्हटलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा पेस्ट, पुन्हा फॉन्ट, पुन्हा गायब. चौथ्या वेळी वैतागून ओळ हातानं टाइप केली, तर अ‍ॅप सुतासारखं सरळ चाललं. हँडबिल त्याच संध्याकाळी छापून गेलं. पण डोळ्याला तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द, आणि त्यातला एकच अ‍ॅपचा जीव घेतो, हे काही डोक्यातून जाईना. रात्री शटर अर्धं ओढून बग-अहवाल लिहायला बसलो.

इंग्रजी माझं बेताचं. तरी काय केलं, काय झालं, व्हर्जन कुठलं, पुन्हा पुन्हा होतं का, सगळं लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. सभ्य होतं, पण शंभर जणांना चिकटवलेलं असावं असं. बॅकट्रेसशिवाय (मरताना कोण कुणाला बोलावत होतं त्याची यादी) यात काही करता येणार नाही, डीबग सिम्बॉल्स (पत्त्यांना नावं देणारा नकाशा) बसवा, जीडीबीमध्ये (चुका शोधायचा प्रोग्राम) घ्या, ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’चं जे येईल ते जोडा, 30 दिवसांत माहिती न आल्यास अहवाल आपोआप बंद होईल.

माझ्याकडे कुणी पत्रिका घेऊन आलं आणि म्हणालं की नवऱ्या मुलाच्या नावावर काळा डाग पडलाय, तर मी त्याला असं सांगत नाही की आधी मशीन उघडून कुठल्या रोलरला शाई जास्त लागतेय ते शोधून आणा, महिन्याभरात आणलं नाहीत तर डाग नव्हताच असं धरू. तुम्ही मात्र नेमकं हेच सांगता. आणि वाईट याचं वाटतं, की सांगताना ते तुम्हाला जाणवतसुद्धा नाही.

मी ते करून दाखवलं. सत्ताविसाव्या दिवशी. मधल्या सव्वीस दिवसांत काय काय झालं ते ऐका, कारण तुमच्या एका ओळीच्या सूचनेत ते कुठेच दिसत नाही. (आज्ञांची आणि प्रोग्रामांची नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती कशी करायची हे तुम्हाला सांगायला नको.)

आधी कळलं की हातात काहीच नाही. अ‍ॅप तीनदा मेलं होतं, पण मागे एकही कोअर फाइल नव्हती. प्रोग्राम भलत्या जागेची मेमरी वाचायला गेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला 11 नंबरचा सिग्नल देतो, सेगमेंटेशन फॉल्ट तो हाच, आणि मरताना त्याच्या मेमरीचा जो ठसा ठेवता येतो तो कोअर डंप. ठेवता येतो, ठेवलाच जातो असं नाही. माझ्या मशीनवर ‘यूलिमिट’ची मर्यादा शून्य होती, म्हणजे ठसा ठेवूच नको असा हुकूम. ‘सिस्टमडी-कोअरडंप’ नावाचं पॅकेज बसवलं तर तो हे ठसे गोळा करतो, दाबून लहान करतो, जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) नोंद घालतो. पण ते बसवलेलंच नव्हतं. लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांपैकी उबुंटूवर हे काम अ‍ॅपोर्ट करतो, फेडोरावर एबीआरटी असतो, केडीई या डेस्कटॉपमध्ये डॉक्टर कॉन्की खिडकी उघडून विचारपूस करतो. म्हणजे एकाच आजाराला चार गावांत चार वैद्य, आणि चौघांची औषधं वेगळी. तुमच्या उत्तरात यातलं एकही नाव नव्हतं.

‘कोअर’ या शब्दाबद्दल एक गंमत जाता जाता. एकेकाळी कॉम्प्युटरची मेमरी बारीक चुंबकीय कड्यांची असायची. त्या एकेका कडीला कोअर म्हणत. कड्या केव्हाच म्युझियममध्ये गेल्या, नाव राहिलं. आपल्याकडे खिळे जुळवणारी पिढी गेली तरी ‘खिळे’ हा शब्द छापखान्यात ऐकू येतोच, तसं.

पॅकेज बसवलं, अ‍ॅप पुन्हा मारलं (हे वाक्य बायकोनं ऐकलं आणि ती दारात थांबली), आणि ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ म्हटल्यावर पहिल्यांदा पुरावा दिसला: तारीख, वेळ, प्रोसेसचा नंबर, सिग्नल, आणि कोअर फाइल हजर असल्याचा शेरा. हे ठसे काही दिवसांनी आपोआप पुसले जातात हेही तेव्हाच कळलं. कुणाला आठवडाभरानं लिहायचं सुचलं, तर आयता पुरावा गेलेला असू शकतो.

मग जीडीबी. त्यात कोअर उघडला, ‘बीटी’ टाइप केलं आणि एंटर मारलं. बॅकट्रेस म्हणजे कुणी कुणाला कामाला लावलं त्याची उतरंड, हे मला वाचून माहीत होतं. सगळ्यात वरच्या मडक्यात मेलेला, खाली त्याला बोलावणारा, त्याच्या खाली त्याला बोलावणारा. स्क्रीनवर उतरंड आलीही. पण शून्य नंबरच्या ओळीपासून बावीस नंबरच्या ओळीपर्यंत प्रत्येक मडक्यावर आधी एक सोळा आकडी पत्ता आणि त्यापुढे नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं. मध्ये चार-पाच ओळींत कुठल्यातरी लायब्ररीचं (उसन्या कोडच्या गठ्ठ्याचं) नाव डोकावत होतं, बाकी प्रश्नचिन्हंच. मी ती तशीच्या तशी अहवालाला जोडली. उत्तर आलं: हा बॅकट्रेस निरुपयोगी आहे, सिम्बॉल्ससह पुन्हा घ्या.

निरुपयोगी हा शब्द लागला. पण चूक त्यांची नव्हती. प्रोग्राम आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्यातली नावं, ओळींचे नंबर, व्हेरिएबलांच्या जागा, सगळा नकाशा सोलून काढलेला असतो, म्हणजे डाउनलोड लहान होतं. तो नकाशा वेगळ्या पॅकेजात ठेवतात. डेबियनमध्ये ही डीबीजीसिम पॅकेजं नेहमीच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या कोठारात) नसतात, त्यांच्यासाठी वेगळी ओळ घालावी लागते. फ्लॅटपॅक (सगळं सामान सोबत आणणारं पॅकेज) असेल तर डीबग एक्स्टेन्शन आणि एसडीके (बांधणीचं सामान) वेगळं, आणि कोअर उघडायची आज्ञाही वेगळी. बरं, नकाशा एकट्या अ‍ॅपचा पुरत नाही. उतरंडीत जेवढ्या लायब्ररी तेवढे नकाशे हवेत, आणि प्रत्येक नकाशा नेमक्या त्याच बिल्डचा, म्हणजे बांधणीचा. मधल्या काळात अपडेट झालं असेल तर जमलेला पत्ता दुसऱ्याच गल्लीत नेऊन सोडतो.

मला वाचवलं डीबगइन्फोडीनं. ज्या कुणी हे काढलं त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं. नोव्हेंबर 2019 मध्ये ईएलएफयुटिल्स या साधनसंचाच्या 0.178 व्या आवृत्तीबरोबर हे आलं. प्रत्येक बायनरीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) बिल्ड-आयडी नावाचा एक ओळख क्रमांक असतो, बहुधा 40 हेक्स (सोळा पायाच्या) आकड्यांचा. जीडीबी तो वाचतो आणि सर्व्हरला विचारतो, या आयडीचा नकाशा आहे का तुझ्याकडे? असेल तर आणतो. पॅकेज शोधायला नको, व्हर्जन जुळवायला नको. फेडोरा, डेबियन, आर्च, उबुंटू, सगळ्यांचे असे सर्व्हर आहेत. मी डेबियनचा पत्ता दिला, जीडीबीनं विचारलं की या सेशनपुरतं डीबगइन्फोडी चालू करू का, मी हो म्हटलं, आणि डाउनलोड सुरू झालं. फोनच्या हॉटस्पॉटवर. एक लायब्ररी, दुसरी, तिसरी. एकेका नकाशाचं वजन बघून दिवसाचा डेटा संपणार हे दिसत होतं, आणि संपला. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत.

आणि मग ‘बीटी’ केलं. प्रश्नचिन्हं गेली होती. मडक्यांना नावं आली होती, नावांपुढे फाइल, फाइलपुढे ओळीचा नंबर. मला त्यातलं फार कळलं असं नाही. पण सातव्या-आठव्या मडक्यावर मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या फंक्शनचं नाव वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या ‘आचाऱ्यांना’ला तिथे घाव बसला होता.

इथपर्यंत मी खूश होतो. नंतर ‘बीटी फुल’ केलं आणि खुशी उतरली.

‘फुल’मध्ये प्रत्येक मडक्यातली व्हेरिएबलंही छापली जातात. बऱ्याच ठिकाणी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ (वेगासाठी गाळलेलं) असा शेरा असतो, पण जिथे किंमत उरलेली असते तिथे ती दिसते. संदेश इंग्रजीत यावेत म्हणून लोकॅल सी (भाषेची साधी इंग्रजी मांडणी) करून जीडीबी चालवा असं मला सांगितलं होतं, त्यामुळे देवनागरी मजकूर अष्टमान (आठ पायाच्या) आकड्यांत फुटून आला. 340, 244, 206 म्हणजे ‘आ’. प्रत्येक अक्षराचे तीन आकडे, त्यातले पहिले दोन जवळजवळ नेहमी 340 आणि 244 किंवा 340 आणि 245. स्क्रीनभर नुसते 340, 244, 340, 244. आणि त्या ढिगाऱ्याच्या शेवटी, ‘संपर्क’ या शब्दाचा चुरा झाल्यानंतर, मेळाव्याच्या आयोजकांचा दहा आकडी मोबाईल नंबर. लख्ख. आकडे इंग्रजी होते, त्यांना काहीच झालं नव्हतं.

हा मजकूर मला जगाला दिसेल अशा जागी चिकटवायला सांगितला होता.

हँडबिलावरचा नंबर तसा सगळ्यांसाठीच असतो, ठीक आहे. पण त्याच मशीनवर सकाळी मी एका पतसंस्थेची थकबाकीदारांची यादी लावली होती. त्याच अ‍ॅपमध्ये लोक अर्ज भरतात, आधारच्या झेरॉक्स पानावर बसवतात. उतरंडीत तरी थोडाच मजकूर येतो. कोअर फाइलमध्ये अ‍ॅपच्या मेमरीत होतं ते जवळपास सगळं असतं. एकदा दुसऱ्याच एका अ‍ॅपच्या माणसानं मला म्हटलं होतं, कोअर फाइल ड्राइव्हवर टाका आणि लिंक द्या, मी बघतो. हेतू चांगला होता. मी तेव्हा टाकलीही होती. त्यात काय काय गेलं असेल याचा विचार आज केला की झोप उडते. ब्राउझरची किंवा मेलच्या अ‍ॅपची कोअर फाइल कुणाकडे मागू नका आणि कुणी दिली तर घेऊ नका, एवढी तरी शपथ घ्या.

डीबग लॉगची कथा वेगळी, पण तितकीच चमत्कारिक. बॅकट्रेस सांगतो कुठे मेला. आधी काय करत होता हे लॉग सांगतो. आयकॉनवर क्लिक करून उघडलेलं अ‍ॅप जे पुटपुटतं ते माझ्या मशीनवर जर्नलमध्ये जातं, टर्मिनलमधून उघडलं तर समोर छापलं जातं. आणि सगळी बडबड हवी असेल तर परवलीचा शब्द लागतो. खिडक्या-बटणं बनवायच्या साधनांपैकी जीटीके घराण्यातलं अ‍ॅप असेल तर ‘जी मेसेजेस डीबग’ हे व्हेरिएबल ‘ऑल’ करा, क्यूटी घराण्यातलं असेल तर ‘क्यूटी लॉगिंग रूल्स’ लिहा, तिसऱ्या घराण्याचं असेल तर देव जाणे. अ‍ॅप कुठल्या घराण्यातलं हे दुकानात बसलेल्या माणसानं कसं ओळखायचं? बटणांच्या गोलाईवरून?

मी लॉग फाइलमध्ये वळवला, अ‍ॅप मारलं, फाइल उघडली. शेवटच्या ओळी नव्हत्या. मरायच्या आधीची नेमकी ती अर्ध्या सेकंदाची बडबड गायब. दोन रात्री गेल्यावर समजलं, की आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ संपली की छापलं जातं, पण फाइलमध्ये जात असेल तर आधी बफरात, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतं आणि बफर भरला की एकदम उतरतं. अ‍ॅप अचानक मेलं की बफरातलं त्याच्याबरोबर जातं. ‘एसटीडीबफ’ ही आज्ञा लावून ओळीओळीनं उतरवायला सांगितलं, तेव्हा हाती लागलं. ‘लॉग फाइलमध्ये घ्या आणि जोडा’ असं लिहिणाऱ्यानं हे एक वाक्य पुढे लिहिलं असतं, तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

त्या शेवटच्या ओळींत अखेर उत्तर होतं. ‘ऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की हा ऱ येतो, माझी बोटं तेच करतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्याला न दिसणारं अक्षर, मग य. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे फाइलीत साठवायच्या पद्धतीत, पहिल्याचे बाइट 9, दुसऱ्याचे 12. गिऱ्हाइकाच्या मजकुरात दुसरी तऱ्हा होती. अ‍ॅप एका जागी न दिसणारं अक्षर गाळून मोजत होतं आणि दुसऱ्या जागी न गाळलेल्या मजकुरावर तीच मोजणी वापरत होतं. हिशेब तीन बाइटांनी चुकला आणि खिडकी गेली.

‘आचार्यांना’ लिहून भागवा असं मला एकानं सुचवलं होतं. त्याला सांगितलं की बाबा, आचार्य शिकवतो आणि आचारी स्वयंपाक करतो, मेळाव्याला भलतेच लोक येतील.

सत्ताविसाव्या दिवशी नंबर खोडून, फाइलींच्या वाटेतलं माझं नाव खोडून, दोन्ही गोष्टी जोडल्या. पाचव्या दिवशी दुरुस्ती झाली. अ‍ॅप लिहिणाऱ्या माणसानं मनापासून आभार मानले आणि लिहिलं की देवनागरीतली अशी चूक त्याला स्वतःला कधीच सापडली नसती. खरं आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात, युनिकोड 10 मोजतं आणि फाइलमध्ये 30 बाइट जातात. हे अंतर रोमन लिपीत वाढलेल्याला जन्मात अडत नाही. आपल्याला रोज अडतं. म्हणजे आमच्यासारख्यांचे अहवाल आले नाहीत, तर या चुका तशाच राहणार आहेत. आणि अहवाल द्यायची वाट तुम्ही अशी करून ठेवली आहे की ती चालून येणारा शंभरात एखादा.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. तुमच्यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून, रात्री, फुकट हे काम करतात. ‘चालत नाही’, ‘हँग होतंय’, ‘काहीतरी करा’ असे अहवाल वाचून तुमचं डोकं फिरत असणार. मी स्वतः एके काळी स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला आहे, तोही वाकडा, कोपऱ्यात चहाचा कप. शिवाय बॅकट्रेस नेहमी खरं बोलतो असंही नाही. मेमरी एका ठिकाणी नासते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी, दहा मिनिटांनी मरतो; उतरंडीत बळी दिसतो, गुन्हेगार दिसत नाही. मग व्हॅलग्रिंड या मेमरी तपासनीसाखाली चालवा म्हणता, आणि त्यात अ‍ॅप दहा ते तीस पट हळू होतं. हे सगळं मान्य. म्हणूनच मी बॅकट्रेस मागू नका असं म्हणत नाही. तो मिळवायचं काम माझ्याकडून काढून घ्या, एवढंच म्हणतो.

कारण नकाशा तुमच्याकडे आहे. बिल्ड तुम्ही केलं, सिम्बॉल्स सोलून कपाटात तुम्ही ठेवले. माझ्याकडून फक्त कोरे पत्ते आणि बिल्ड-आयडी घ्या, काही किलोबाइटांचं काम आहे, आणि नावं तुमच्या बाजूला लावा. फायरफॉक्स हेच करतो: मेल्यावर त्याचा क्रॅश रिपोर्टर मिनीडंप नावाचा आटोपशीर ठसा पाठवतो आणि सिम्बॉल्स मोझिलाच्या सर्व्हरवर जोडले जातात. वापरणाऱ्याला जीडीबी हे नावही ऐकावं लागत नाही. नवं काही शोधायचं नाही, आहे ते वापरायचं आहे. जीडीबी 1986 सालचा आहे, तो तुमच्या हातात शोभतो. पावतीपुस्तकं छापणाऱ्याच्या हातात कशाला?

लॉगचंही तेच. शेवटच्या दोन-तीनशे ओळी अ‍ॅपनंच मेमरीत फिरत्या ठेवाव्यात, मेल्यावर त्या अहवालात याव्यात. मरणाऱ्या प्रोसेसकडून फार काही करून घेता येत नाही, सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) भलतं काही केलं तर तो दुसऱ्यांदा मरतो, हे मी वाचलंय. बाहेरून एक छोटा पहारेकरी प्रोसेस ठेवायचा की कसं, ते तुम्ही ठरवा. डॉक्टर कॉन्की बॅकट्रेसला तारे देतो, किती उपयोगी आहे ते तिथल्या तिथे सांगतो. ते मला फार आवडतं. ‘निरुपयोगी’ हे आठ दिवसांनी माणसाकडून ऐकण्यापेक्षा त्याच क्षणी मशीनकडून ऐकलेलं परवडलं. आणि मेलं नसेल, नुसतं वेडंवाकडं वागत असेल, तेव्हासाठी मदतीच्या मेनूत एक ‘माहिती कॉपी करा’ असू द्या. लिब्रेऑफिसच्या अबाउट खिडकीत व्हर्जनची माहिती उचलायचं बटण आहे. लिबअद्वैता या जीटीकेच्या जोडलायब्ररीच्या अबाउट खिडकीत 2022 पासून डीबग माहिती ठेवायची तयार जागा आहे, कॉपी आणि सेव्हच्या बटणांसकट. तरी मी उघडून पाहिलेल्या कितीतरी अ‍ॅप्समध्ये ती भरलेलीच नसते. खोली बांधून ठेवली आणि आत सामानच नाही.

पाठवण्याआधी काय जातंय ते दाखवा. पूर्ण दाखवा. दहा आकडी नंबर, ईमेल, होम फोल्डरातलं नाव दिसलं की आधी झाकून टाका आणि झाकलंय असं सांगा. आणि हे मराठीत विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा असं म्हटलंय, आणि त्या 22 भाषांत मराठी आहे. तुमच्या स्वयंसेवी प्रकल्पाला तो कायदा कितपत लागतो ते वकील बघतील. माझा मुद्दा साधा आहे. माझ्या दुकानात काम करणारी मुलगी इंग्रजी खिडकी आली की न वाचता ‘ओके’ दाबते. तिच्या ओकेला संमती म्हणायची का?

त्या 30 दिवसांच्या यंत्रालाही जरा आवर घाला. माहिती नसलेले अहवाल साठून राहतात ही अडचण समजते. पण बंद करताना यंत्र ‘सोडवलेले’ अशा रांगेत टाकतं, आणि पुढे त्याच चुकीवर आपटलेल्या माणसाला शोधूनही ते सापडत नाही. वेगळी रांग करा, ‘पुराव्याअभावी पडून’ म्हणा, काहीही म्हणा.

हे सगळं तुम्हालाच लिहिण्याचं कारण एवढंच, की तुम्हाला दोन्हीकडचं कळतं. लोहित या भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर पुण्यात बसून काम झालं, म्हणून आज कुठल्याही डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) मराठी निदान वाचता येते. ते करणाऱ्यांना ‘ऱ्या’ मोडला की काय वाटतं हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. तुमच्या अपस्ट्रीमच्या (मूळ प्रकल्पाच्या) चर्चेत, जिथे बाकी कुणाला हा प्रश्न पडत नाही, तिथे तो मांडायला तुम्ही आहात.

दुरुस्ती झालेली आवृत्ती माझ्या डेबियनमध्ये अजून आलेली नाही, स्टेबल, म्हणजे सावकाश बदलणारी शाखा आहे, वेळ लागायचाच. तोवर गिऱ्हाइकाचा मजकूर आला की मी आधी तो साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये घेतो, न दिसणारं ते अक्षर शोधून काढतो, साध्या र च्या जागी ऱ करतो आणि मगच पानावर नेतो. दुकानातल्या मुलीलाही शिकवलंय. ती त्याला ‘भूत काढणं’ म्हणते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
मिरजेचा एक डीटीपीवाला

ता.क. खिडकीचा मराठी मजकूर लिहून हवा असेल तर मी देतो, पैसे नकोत. पण ‘स्मृती-प्रतिमा प्रेषित करण्यास अनुमती द्या’ असलं काही बटणावर घालू नका. ‘पाठवा’ आणि ‘नको’ पुरे.